वडिलार्जित भूमि आणि राजसत्ता : एका नदीकांठच्या वादाचा इतिहास

ज्युबिली हा शब्द आज आमच्या धर्मग्रामांत आबालवृद्धांच्या तोंडीं झाला आहे. मंडप, मिरवणूक, वाजंत्री, नव्यानें रंगविलेली वेदी, हीं सर्व त्याचींच चिन्हें होत. परंतु हा शब्द मुळांत जितका उत्सवाचा तितकाच जमिनीचाहि आहे, ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांच्या ध्यानांत नसेल. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय ज्यांनीं वाचला असेल त्यांस आठवेल कीं, दर पन्नासाव्या वर्षीं इस्राएल लोकांत शिंग फुंकलें जाई, आणि हलाखींत विकलेली जमीन ज्या घराण्याची होती त्या घराण्याकडे परत जाई. भूमीचा खरा धनी परमेश्वर, मनुष्य हा केवळ तिच्यावर राहणारा पाहुणा, हें त्या नियमाचें कारण सांगितलेलें आहे.

त्याच अध्यायांत आणखी एक बारकावा आहे. तटबंदीच्या नगरांतील घर विकलें तर तें सोडवून घेण्यास एक वर्षाची मुदत असे. ती टळली म्हणजे घर कायमचें विकत घेणाराचें होई. तट नसलेल्या खेड्यांतील घर मात्र शेतांतच मोजलें जाई आणि ज्युबिलीच्या वर्षीं मूळ धन्याकडे येई. सारांश, शेत, खेड्यांतील घर आणि नगरांतील घर यांस त्या पुरातन काळींहि एकच नियम लागू नव्हता. आणि स्वतःच्या जमिनीचें वाटेल तें करण्याची मुभा तेव्हांहि कोणास नव्हती.

या स्मरणिकेच्या संपादकमंडळानें आम्हांस इतिहासपर लेख मागितला, तेव्हां आम्हीं हाच विषय घेण्याचें ठरविलें. आमच्या मंदिराचा इतिहास याच अंकांत इतरांनीं आमच्यापेक्षां अधिक अधिकारानें लिहिलेला आहे. आमच्याकडे मात्र आठवड्यांतून एक तरी कुटुंब असें येतें कीं, त्याचें दुखणें मंदिराचें नसून जमिनीचें असतें. "फादर, जागा आमच्या बापाची, कर आम्ही भरतों, मग चार भावंडांत वांटणी करून एक तुकडा विकूं म्हटलें, तर सरकार आडवें कां येतें?" हा प्रश्न आम्हीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां सविस्तर लिहून ठेवावें असें वाटलें.

आपल्या राज्यांत जमिनीचे तुकडे पाडण्यास बंदी करणारा कायदा १९४७ सालापासून आहे. शेत वांटतां वांटतां इतकें लहान होऊं नये कीं त्यावर एका कुटुंबाचें पोट भरणार नाहीं, हा त्याचा मूळ हेतु. परंतु शहरें वाढलीं, शेतें घरांखालीं गेलीं, आणि गुंठा-दोन गुंठे घेऊन डोक्यावर छप्पर करूं पाहणाऱ्या माणसालाहि तोच कायदा आडवा येऊं लागला. जुलै २०२१ मध्यें नोंदणी खात्यानें परिपत्रक काढून मंजूर रेखांकनाशिवाय अशा लहान तुकड्यांचे दस्त नोंदण्यास मनाई केली. मे २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें तें परिपत्रक रद्द ठरविलें. पुढें २०२५ सालीं राज्य सरकारनेंच निवासी क्षेत्रांतील लहान तुकड्यांना मोकळीक देण्याच्या दिशेनें पाऊल टाकलें. एवढ्या थोड्या वर्षांत इतक्या उलटापालटी झाल्या, त्या अर्थीं प्रश्न सोपा नाहीं हें उघड आहे.

आणि तो केवळ आपलाच नाहीं. ज्या देशांत जमिनीस तोटा नाहीं असें आपण समजतों, त्या अमेरिकेंतहि चार भावंडांचा व त्यांच्या स्थानिक सरकारचा असाच एक वाद दहा वर्षांहून अधिक काळ चालला आणि २०१७ सालीं त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयांत त्याचा निकाल लागला. तोच वाद आम्ही येथें सांगणार आहों. तो निवडण्याचें कारण असें कीं, त्यांत लबाड कोणीच नाहीं. कोणीं खोटे दस्त केले नाहींत, कोणीं लांच घेतली नाहीं, कोणीं दुसऱ्याचा बांध कोरला नाहीं. दोन्हीं पक्ष प्रामाणिक असूनहि तंटा उभा राहिला. म्हणून मूळ प्रश्न त्यांत स्वच्छ दिसतो.

विस्कॉन्सिन व मिनेसोटा या दोन राज्यांच्या सीमेवरून सेंट क्रॉय नांवाची नदी वाहते. हें नांव फ्रेंच असून त्याचा अर्थ पवित्र क्रूस असा होतो. मिसिसिपी या महानदीस मिळण्यापूर्वीं तिचें पात्र रुंदावून सरोवरासारखें होतें. दोन्हीं बाजूंस उंच कडे, कड्यांवर झाडी, खालीं पाण्यालगत सपाट पट्टी, असा तो प्रदेश आहे. तेथें सुटी घालविण्यास जाणाऱ्या लोकांची रीघ फार जुनी.

जेथें रीघ असते तेथें घरें होतात, आणि घरें दाट झालीं म्हणजे नदीस तें बाधतें. सांडपाणी जमिनींतून झिरपत पात्रांत जातें, उतारावरील झाडी तोडली कीं माती धुपते, आणि ज्या शोभेसाठीं लोक तेथें आले ती शोभाच नाहींशी होते. याकरितां १९६८ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें निसर्गरम्य नद्यांच्या रक्षणाचा कायदा केला. त्याच्या पहिल्याच यादींत सेंट क्रॉयचा वरचा भाग होता. १९७२ सालीं खालचा भागहि त्यांत घातला गेला. खालच्या भागाच्या रक्षणाची व्यवस्था दोन्हीं राज्यांनीं लावावयाची होती. त्याप्रमाणें विस्कॉन्सिन राज्यानें नियम केले, आणि सेंट क्रॉय काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा जो स्थानिक कारभाराचा विभाग, तिनेंहि तेच नियम आपल्या बांधकामविषयक कायद्यांत घेतले.

नियमाचा गाभा थोडक्यांत असा. नदीकांठच्या कोणत्याहि तुकड्यावर स्वतंत्र घर बांधावयाचें असेल, तर त्यांत बांधकामास योग्य अशी निदान एक एकर, म्हणजे आपले चाळीस गुंठे, जमीन असली पाहिजे. कड्याचा उतार आणि पाण्याखालची जागा यांत धरावयाची नाहीं. परंतु ज्यांनीं पूर्वींच लहान तुकडे घेऊन ठेवले होते त्यांचें काय? त्यांच्यासाठीं सूट ठेवली होती. १ जानेवारी १९७६ या दिवशीं जो लहान तुकडा शेजारच्या तुकड्याहून वेगळ्या मालकाच्या नांवावर असेल, त्यास एक एकराची अट लागू नव्हती. याच्या उलट, लगतचे दोन लहान तुकडे एकाच मालकाच्या हातीं आले तर ते एक समजले जावेत. त्यांतील एक वेगळा विकतां येऊं नये, कीं त्यावर वेगळें घर बांधतां येऊं नये, अशी तजवीज होती. या शेवटच्या कलमांतच पुढील सर्व कथा सांठविलेली आहे.

नियम निघण्याच्या पुष्कळ आधीं, १९६० सालीं, एका दांपत्यानें या नदीच्या कांठीं एक तुकडा विकत घेतला. सरकारी नकाशांत त्याचें नांव 'एफ' असें होतें. त्यावर त्यांनीं सुटीच्या दिवसांसाठीं एक लहानसें घर बांधलें. या कुटुंबाची नळकामाची कंपनी होती. पुढच्या वर्षीं त्यांनीं तो तुकडा त्या कंपनीच्या नांवें करून दिला. १९६३ सालीं लगतचा 'ई' हा तुकडाहि त्यांनीं घेतला, पण तो स्वतःच्या नांवावर ठेवला. दोन्हीं तुकडे प्रत्येकीं सुमारें सव्वा एकराचे. 'एफ' यास नदीकडील बाजू सुमारें १०० फूट, 'ई' यास सुमारें ६० फूट. दोहोंच्या मधोमध उंच कडा आडवा गेलेला. त्यामुळें बांधकामास योग्य जागा प्रत्येकांत एक एकराहून कमी, आणि दोन्हीं मिळून केवळ ०.९८ एकर, म्हणजे चाळीस गुंठ्यांस थोडीशी कमीच.

१९७६ सालीं नियम अंमलांत आला, तेव्हां एक तुकडा कंपनीच्या नांवें होता आणि दुसरा नवराबायकोच्या. मालक कागदोपत्रीं वेगळे होते. म्हणून दोन्हीं तुकड्यांस सूट मिळाली. 'ई' हा तुकडा त्या दिवशीं विकला असता, तर घेणारास त्यावर घर बांधतां आलें असतें.

पुढें आईबाप थकले. त्यांस सहा मुलें होतीं कीं चार, हें येथें महत्त्वाचें नाहीं. वादास उभीं राहिलीं तीं दोन भाऊ व दोन बहिणी अशीं चार. १९९४ सालीं 'एफ' हा तुकडा त्यांच्या नांवें झाला, आणि १९९५ सालीं 'ई' हाहि झाला. आईबापांनीं आपल्या हयातींत लेकरांस मिळकत द्यावी, यापेक्षां साधी व चांगली गोष्ट ती कोणती? परंतु ज्या दिवशीं दुसरा दस्त झाला त्या दिवशीं दोन्हीं तुकड्यांचे मालक एकच झाले, आणि एकत्रीकरणाचें कलम लागू पडलें. जमिनीवर एक खुंटी हालली नाहीं, एक झाड पडलें नाहीं. दस्तावरील नांवें मात्र बदललीं, आणि त्याबरोबर दोहोंचा एक झाला.

हें त्या भावंडांच्या ध्यानांत आलें तें सुमारें दहा वर्षांनीं. 'एफ' वरील घर त्याच तुकड्यांत दुसऱ्या जागीं न्यावें, आणि त्याचा खर्च 'ई' विकून भागवावा, असा त्यांनीं बेत केला. तेव्हां त्यांस कळलें कीं 'ई' वेगळा विकतां येत नाहीं. त्यांनीं काउंटीच्या मंडळाकडे सवलत मागितली. मंडळानें ती नाकारली. भावंडें राज्याच्या न्यायालयांत गेलीं. तेथेंहि नियमाचा अर्थ मंडळानें केला तोच खरा ठरला, आणि दोन्हीं तुकडे एकत्रच विकावे, बांधावे किंवा ठेवावे, असा निर्णय झाला.

येथपर्यंतचा प्रश्न नियमाच्या अर्थाचा होता. आतां भावंडांनीं दुसरा, अधिक खोल प्रश्न काढला. "नियमाचा अर्थ तसाच असेल, तर सरकारनें आमचा 'ई' तुकडा घेतल्यासारखेंच झालें. घ्यावयाचा तर घ्या, पण त्याचें मोल द्या." अमेरिकेच्या घटनेंत १७९१ सालीं जी पांचवी दुरुस्ती झाली तींत असें बंधन आहे कीं, सार्वजनिक उपयोगासाठीं खाजगी मिळकत घेतली तर योग्य मोबदला दिलाच पाहिजे. रस्त्यासाठीं जमीन घेतली तर हें सरळ आहे. पण सरकारनें जमीन घेतली नाहीं, केवळ तिच्या उपयोगावर बंधन घातलें, तर?

या प्रश्नाचें उत्तर त्या न्यायालयानें एका शतकांत टप्प्याटप्प्यानें दिलें आहे. १९२२ सालीं पेनसिल्व्हेनियांतील कोळशाच्या खाणीच्या खटल्यांत न्यायमूर्ति होम्स यांनीं सांगितलें कीं, बंधन घालण्याचा अधिकार सरकारास आहे, परंतु तें बंधन मर्यादेपलीकडे गेलें तर तें घेण्यासारखेंच होय. १९७८ सालीं न्यूयॉर्कच्या मोठ्या रेल्वे स्टेशनाच्या खटल्यांत ती मर्यादा ओळखण्याच्या कसोट्या ठरल्या: धन्याचें नुकसान किती, त्याची रास्त अपेक्षा काय होती, आणि सरकारच्या कृतीचें स्वरूप कसें. १९९२ सालीं दक्षिण कॅरोलिना राज्यांतील समुद्रकांठच्या दोन निवासी तुकड्यांचा खटला आला. धन्यानें ते १९८६ सालीं ९,७५,००० डॉलरांस घेतले होते, आणि दोनच वर्षांनीं किनाऱ्याच्या रक्षणाचा कायदा होऊन त्यावर कायमचें घर बांधण्यास बंदी झाली. जमिनीचें सर्वच आर्थिक मोल नाहींसें झालें, तर सामान्यतः मोबदला दिला पाहिजे, असा निर्णय त्यांत झाला.

तेव्हां नदीकांठच्या भावंडांचा वाद शेवटीं एका गणितावर येऊन ठेपला. नुकसानीचा अपूर्णांक मांडावयाचा, तर अंश ठाऊक आहे. छेद कोणता धरावा? छेदस्थानीं एकटा 'ई' धरला तर त्याचें बहुतेक मोल गेलें असें म्हणतां येतें, कारण त्यावर घर नाहीं आणि तो वेगळा विकतांहि येत नाहीं. छेदस्थानीं दोन्हीं तुकडे धरले तर नुकसान थोडें दिसतें. खटल्यांतील आंकडे पाहूं. दोन्हीं तुकडे वेगवेगळे बांधतां-विकतां आले असते, तर त्यांची किंमत ७,७१,००० डॉलर झाली असती. एकत्र ठेवून, नियम पाळून, ती ६,९८,३०० डॉलर होत होती. फरक ७२,७०० डॉलर, म्हणजे दहावा हिस्साहि नाहीं. उलटपक्षीं, घरासह एकट्या 'एफ'ची किंमत ३,७३,००० डॉलर, आणि ज्यावर कांहींच करतां येत नाहीं असा एकटा 'ई' ४०,००० डॉलर, असा अंदाज होता. म्हणजे दोन्हीं तुकडे जोडून राहिले तर जें मोल येतें तें या दोन रकमांच्या बेरजेहून पुष्कळ अधिक आहे.

राज्याच्या खालच्या व वरच्या न्यायालयांनीं दोन्हीं तुकडे एकत्र धरून दावा फेटाळला. जानेवारी २०१६ मध्यें देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण ऐकण्याचें मान्य केलें. पुढच्याच महिन्यांत एका न्यायमूर्तींचें निधन झालें आणि नवांपैकीं एक आसन रिकामें राहिलें. वादविवाद २० मार्च २०१७ रोजीं झाला, व निकाल २३ जून २०१७ रोजीं लागला. आठ न्यायमूर्तींपैकीं पांच काउंटीच्या व राज्याच्या बाजूनें, तीन विरुद्ध.

बहुमताचा निर्णय न्यायमूर्ति अँथनी केनेडी यांनीं लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, छेद ठरविण्यास एकच ठोकळ माप चालणार नाहीं. केवळ नकाशांतील रेघ पाहूं नये, आणि केवळ सरकारनें एकत्र म्हटलें म्हणूनहि एकत्र मानूं नये. तीन गोष्टी तपासाव्या: राज्याचा व स्थानिक कायदा त्या जमिनीकडे कसा पाहतो, जमिनीचें प्रत्यक्ष स्वरूप व आसपासची स्थिति कशी आहे, आणि बंधन घातलेल्या भागामुळें उरलेल्या भागाचें मोल वाढतें काय. येथें तुकडे लांबट, उताराचे, नदीकांठचे. अशा जागीं बंधन येईल हें समजण्यासारखें होतें. एक तुकडा मोकळा राहिल्यानें दुसऱ्यास एकांत, मोकळी जागा व मोठा नदीकांठ लाभतो. घर राखतां येतें, वाटल्यास नवें बांधतां येतें. तेव्हां दोन्हीं तुकडे मिळून एक मिळकत धरावी, आणि तिचें मोल पुष्कळसें शिल्लक असल्यामुळें मोबदला देणें लागत नाहीं, असा निर्णय झाला. लहान तुकडे एकत्र करण्याचीं कलमें हा जमिनीच्या दाटीवर तोडगा म्हणून त्या देशांत फार काळापासून व पुष्कळ ठिकाणीं वापरांत आहेत, हेंहि त्यांनीं नमूद केलें.

विरुद्ध मत मुख्य न्यायमूर्ति जॉन रॉबर्ट्‌स यांनीं मांडलें. तें आमच्या वाचकांनीं अवश्य लक्षांत घ्यावें, कारण तें हट्टाचें नाहीं. कदाचित् शेवटचा निकाल हाच योग्य असेल, हें त्यांनीं कबूल केलें. त्यांचा आक्षेप मार्गास होता. जमिनीचा तुकडा म्हणजे काय, हें राज्याच्या सामान्य कायद्यानें व हद्दीच्या रेघांनीं ठरतें. लोक तसेच घेतात, तसेच विकतात, तसेच गहाण टाकतात. ती रेघ सोडून, सरकारचें बंधन वाजवी आहे काय हा विचार मिळकत मोजण्याच्या पायरीलाच आणला, तर धन्याच्या रक्षणासाठीं केलेलें घटनेचें बंधन मोजण्याआधींच अर्धें झिजून जाईल. सरकारची गरज तराजूच्या दोन्हीं पारड्यांत टाकली, तर धन्याची बाजू कधींच खालीं बसणार नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आम्हांस वाटतो.

न्यायालयाचें दार बंद झालें, पण गोष्ट संपली नाहीं. निकालास पांच-सहा महिने होतात न होतात तोंच, नोव्हेंबर २०१७ मध्यें विस्कॉन्सिन राज्यांत नवा कायदा झाला. पूर्वीं कायदेशीर असलेला तुकडा आतां नव्या मापास लहान पडत असला, तरी त्याच्या धन्यास तो विकण्यास व कांहीं अटींवर त्यावर बांधण्यास मोकळीक मिळाली. आणि धन्याच्या संमतीवांचून लगतचे तुकडे एकत्र करण्यास स्थानिक सरकारांस मनाई झाली. जें न्यायाधीशांनीं दिलें नाहीं तें लोकप्रतिनिधींनीं दिलें. यावर कोणी म्हणतील कीं भावंडें अखेर जिंकलीं. कोणी म्हणतील कीं नदी हरली. आम्हांस दोन्हीं उद्‌गार अपुरे वाटतात.

बंधन म्हणजेच अन्याय, हें आम्हांस मान्य नाहीं. लिओ तेरावे या पोपमहाशयांनीं १८९१ सालीं खाजगी मालकीचा हक्क निसर्गसिद्ध म्हणून ठामपणें मांडला. परंतु १९३१ सालीं पायस अकरावे यांनीं त्याच शिकवणीचा विस्तार करतांना हेंहि स्पष्ट केलें कीं, सार्वजनिक कल्याणास अनुसरून धन्यानें काय करावें व काय करूं नये हें ठरविण्याचा अधिकार राजसत्तेस आहे. नदी कोणा एकाची नाहीं. ज्यांच्याजवळ कांठचा एक गुंठाहि नाहीं त्यांचीहि ती आहे, आणि जे अजून जन्मले नाहींत त्यांचीहि. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा अशा वेळीं पुष्कळ जण पुढें करतात. अहाब राजास तो मळा स्वतःच्या भाजीपाल्यासाठीं हवा होता, आणि त्यासाठीं खोटे साक्षीदार उभे करून एका निरपराध्याचा जीव घेतला गेला. सेंट क्रॉयच्या कांठीं कोणी अहाब नव्हता. काउंटीनें तो तुकडा स्वतःसाठीं मागितला नव्हता. प्रत्येक बंधनास अहाबाचें नांव देणें हें सत्यास धरून होणार नाहीं.

तथापि भावंडांचें दुःख खोटें नव्हतें. आमच्या मतें दुखणें बंधनांत नव्हतें. बंधन ज्या रीतीनें त्यांच्यावर येऊन पडलें त्या रीतींत होतें. आईबापांनीं दोन तुकडे दोन वेळां, दोन किंमती देऊन घेतले. कायद्यानें त्यांस सूट दिली. आणि ती सूट गेली ती कांहीं अपराध घडल्यामुळें नव्हे, तर वडिलांनीं लेकरांस दान दिल्यामुळें. दस्त करतांना कोणी एक शब्द सांगितला असता, दोन तुकडे दोन-दोन भावंडांच्या नांवें वेगळे करून घेतले असते, तर कदाचित् वाद उभाच राहिला नसता. जो नियम जाणकार वकिलाच्या पक्षकारास चुकवितां येतो आणि भोळ्या बापाच्या लेकरांस मात्र पकडतो, तो हेतूनें कितीहि चांगला असला तरी न्यायाच्या कांट्यावर उणा भरतो. राजसत्तेनें बंधन घालावें, पण तें आधीं व स्पष्ट सांगावें. गरिबास समजेल अशा भाषेंत सांगावें. आणि एखाद्याचें सर्वस्व जात असेल तर मोल द्यावें.

आतां आमच्या लोकांस दोन शब्द. आपल्या घरोघरीं आज जी वांटणी होत आहे ती बहुधा अश्रूंवांचून होत नाहीं. बाप गेल्यावर भाऊ भावाशीं बोलेनासा होतो, बहिणीस सही पुरती बोलावतात, आणि मग मंदिरांत एकाच ओळींत बसण्याचेंहि टाळतात. यांतील पुष्कळ भांडणें लोभाचीं नसून अज्ञानाचीं असतात, हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. ज्यानें आपला हिस्सा विकण्याचा शब्द कोणास दिला आणि नंतर नोंदणी होत नाहीं असें कळलें, तो सरकारवर रागावतो, आणि सरकार हातीं लागत नाहीं म्हणून भावावर रागावतो.

म्हणून आईबाप हयात असतांनाच सर्व भावंडांनीं एकत्र बसावें. कोणता तुकडा कोणाच्या नांवावर आहे, सातबारा काय सांगतो, मोजणी झाली आहे काय, जागा शेतीची कीं निवासी, विकास आराखड्यांत तिच्यावर कांहीं आरक्षण आहे काय, हें कागद समोर ठेवून पाहावें. दोन तुकडे दोन नांवांवर असतील, तर ते एका नांवावर आणण्यापूर्वीं, आणि एक तुकडा दोघांत वांटण्यापूर्वीं, महसूल कचेरींत व नगररचना कार्यालयांत लेखी विचारावें आणि लेखी उत्तर घ्यावें. तोंडी उत्तरावर घर उभें राहत नाहीं. बहिणीचा हिस्सा सहीच्या कागदांत बुडवूं नये. आणि जेथें विहीर, वाट, ओढा किंवा सावलीचें झाड सर्वांच्या उपयोगाचें असेल, तेथें नकाशांत रेघ ओढण्यापूर्वीं शेजाऱ्यासहि विचारावें. कारण आपलें बंधन हें पुष्कळदां दुसऱ्याचें पाणी असतें.

ज्युबिलीचें शिंग वाजत असे तेव्हां जमीन मोकळी होई, पण त्याबरोबर तिचा धनीहि स्मरे कीं ही माझ्याकडे ठेव म्हणून आहे. सेंट क्रॉयच्या कांठचीं तीं चार भावंडें शेवटपर्यंत एका बाजूस उभीं राहिलीं. सरकारशीं त्यांचा वाद झाला, पण तो चौघांनीं मिळून केला. आमच्या धर्मग्रामांतील भावंडांनींहि येत्या वर्षांत जमिनीसाठीं कोणाशीं वाद करावा लागलाच तर तो सनदशीर मार्गानें करावा, एकमेकांशीं करूं नये, आणि वांटणीच्या दिवशीं आईच्या हातचें जेवण एकाच पंक्तीस बसून जेवावें, एवढीच या महोत्सवाच्या प्रसंगीं आमची त्यांच्यापाशीं मागणी आहे.